पहिल्या नंबरच्या पाच आणि वरची एक

जनावर घ्यायचं असेल तर त्याला खाताना पाहावं, हे मी बैलबाजारात शिकलो. विकणारा दात दाखवतो, चालवून दाखवतो, शिंगांना तेल लावून आणतो. ते सगळं त्याच्या हातातलं असतं. पण पुढ्यात वैरण टाकली की जनावर खोटं बोलत नाही. जे झडप घालतं ते निरोगी. जे हुंगून मागे सरतं त्याच्यात काहीतरी खोट आहे असं समजायचं. या एका नियमावर मी शेळ्या घेतल्या, गाई घेतल्या, विकल्या, आणि मंचरच्या बाजारात कांद्याची पोती उचलणारा मी स्वतःच्या पिकअपचा मालक झालो. मला कुणी वाटा दिला नाही की हात धरून शिकवलं नाही. त्यामुळे माझ्या नियमावर माझा जरा जास्तच विश्वास होता.

डुकरं पाळायचं ठरवलं तेव्हा अवसरी बुद्रुकमध्ये भावकीला बोलायला विषय मिळाला. चुलतभाऊ बांधावर येऊन म्हणाला, "लोक पोल्ट्री टाकत्यात. तू हे काय काढलंस राव?"

मी म्हणालो, "पोल्ट्रीत माल कंपनीचा, भाव कंपनीचा. तू नुसता राखणदार. हितं माल माझा आणि भाव बी माझा."

त्यानंतर तो आमच्याकडचा चहा घेईना. मी फार मनावर घेतलं नाही. चहा वाचला.

शेड माळावर घातली. पत्रे कमी पडले, म्हणून बायकोची गाय विकली. बायकोची म्हणजे खरोखरच तिची. माहेरून आणलेल्या कालवडीच्या पोटची. आमच्याकडे बाईच्या माहेरून आलेल्या जनावराचं दूध, वासरू, अगदी शेणसुद्धा तिचं असतं, नवरा त्यात हात घालत नाही. मी घातला. ती अडून बसली नाही, पण गाय गाडीत चढल्यावर तिने एवढंच सांगितलं, "माझी एक गेली, तर त्यातली एक माझी. तिची पिल्लं माझी. ह्यात तुमचा हिशोब न्हाई चालायचा."

मी हो म्हणालो. पत्रे यायचे होते, मी कशालाही हो म्हणालो असतो.

माद्या घ्यायला खोडदच्या पुढे गेलो. रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या ताटल्या शेतांच्या डोक्यावर उभ्या असतात, त्या मागे टाकल्या की डाव्या हाताला एक जुनं फार्म आहे. मालक साठीचा, हळू बोलणारा, सारखी बडीशेप चघळणारा. त्याच्याकडे गाभण माद्या एकेकट्या कोंडलेल्या नव्हत्या. पाच मोठे कप्पे, प्रत्येकात सात-आठ जणी एकत्र. सगळ्या पांढऱ्या विलायती जातीच्या, दीड महिन्याच्या गाभण. डुकरिणीचे दिवस तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस असे मोजतात, म्हणजे अजून अर्ध्याहून जास्त वाट बाकी होती.

मी म्हणालो, "निवड माझी."

"निवडा की."

मी भरड्याची पाटी मागून घेतली आणि पहिल्या कप्प्यातल्या गव्हाणीत ओतली. सगळ्यांच्या आधी जी पोचली, जिने शेजारणीला खांद्याने बाजूला सारून मधली जागा धरली, तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. मग दुसरा कप्पा. मग तिसरा. पाच कप्प्यांतल्या पाच, प्रत्येक कप्प्यातली पहिल्या नंबरची. मालक भिंतीला टेकून बडीशेप चघळत सगळं बघत होता. अवाक्षर बोलला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा सगळा निवडक माल चाललाय, बोलणार तरी काय?

भाव ठरवायला दोन तास लागले. कोथिंबीर वर घेतल्याशिवाय भाजीवाल्यापुढून उठू नये, तसा सौदा संपताना काहीतरी वर घेतल्याशिवाय मी उठत नाही. मी म्हणालो, "पाचावर एक वर द्या."

त्याने थोडा विचार केला आणि शेवटच्या कप्प्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मी पाटी ओतली तेव्हा तिथली एक मादी पुढे आलीच नव्हती. लांबट तोंडाची, अंगाने बरी, पण नजर खाली. "ती न्या. गाभण हाये. खोट न्हाई तिच्यात."

घरी आल्यावर पाच पट्टेवाल्या उतरवल्या आणि शेवटी ही. मी बायकोला म्हणालो, "ही तुझी."

तिने पट्टा शोधला. नव्हता. "ही निवडलेली न्हाई व्हय?"

"वर मिळाली. पन गाभण हाये."

"माझी गाय वरची नव्हती," ती म्हणाली आणि आत गेली.

गाभण डुकरिणीला पोटभर खाऊ घालता येत नाही. चरबी चढली की वीण अवघड जाते. म्हणून खुराक मोजून द्यायचा, आणि मोजून दिल्यामुळे ती कायम भुकेलेली असते. सकाळची पाटी हा तिचा दिवसातला एकमेव मोठा प्रसंग. मी पहिल्या सकाळी सहा जणींचा खुराक लांब गव्हाणीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा ओतला आणि पुढे जे झालं ते पाहून फाटकाबाहेर उडी मारली.

पाचही जणींना मधली जागा हवी होती. पाचही जणींनी आजवर कधी कुणाला वाट दिली नव्हती. कान फाटले, खांद्यावर दातांच्या लाल रेघा उठल्या, एकीचा मागचा पाय ओल्या काँक्रीटवर घसरला. निम्मा भरडा गव्हाणीबाहेर तुडवला गेला. सहावी मागच्या भिंतीला चिकटून उभी होती. ती लढायला आलीच नाही.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सगळ्यांत थोराड होती ती जिंकली. तिला आम्ही नुसतं "मोठी" म्हणू लागलो. मोठी मधोमध उभी राहून डोकं वर न काढता खायची आणि खाता खाताच दोन्ही बाजूंना खांदा मारायची. बाकीच्यांनी नंबर लावून घेतले, पण रोज सकाळी कुणीतरी नंबर बदलून बघायचीच. आठव्या दिवशी, जिचा पाय घसरला होता तिने गाभ टाकला. मंचरहून डॉक्टर आले, तिला सुई दिली आणि म्हणाले, नवीन कळपातल्या मारामाऱ्या, दुसरं काही नाही.

मी तिथेच उभं राहून खोडदला फोन लावला. आवाज चढलेला होताच.

"भांडखोर माल दिला तुमी मला."

"मी कुठं दिला भाऊ? तुमी निवडला. मी तर पाटी बी उचलली न्हाई."

"मग तोंड उघडायला काय झालं व्हतं?"

"येऊन जावा कधी. चहा घेऊ," तो म्हणाला आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. चहाचं नाव काढलं म्हणून मी जास्त भडकलो.

पण भडकून पोटं भरत नाहीत. नारायणगावच्या बाजूला एकाने द्राक्षबाग काढली होती, त्याच्या मांडवाचे लोखंडी अँगल मी घासाघीस करून आणले आणि गव्हाणीवर आडव्या पट्ट्या ठोकून सहा खण पाडले. खांद्यापर्यंतचे, म्हणजे खाताना शेजारणीचं तोंड दिसत नाही आणि खांदाही मारता येत नाही. बायकोने तिची युक्ती लावली. ती गावातल्या लग्नात पंगत वाढायला नेहमी पुढे असते. ती म्हणाली, "सगळ्यांची पानं एकदम मांडा, आन् पयला भात सगळ्यांना." म्हणून आम्ही भरड्याआधी कोबीचा पाला आणि हिरवा घास शेडभर लांब लांब पसरू लागलो. तो चघळण्यात सहाही जणी पांगायच्या, भुकेची धार जरा बोथट व्हायची, तेवढ्यात मी खणांत भरडा ओतायचो. गव्हाचा भुसाही वाढवला. भुसा मंचरच्या ज्या दुकानातून आणतो ते कुटुंब मूळचं राजस्थानचं, जैन. शेठ विचारतात, "गुरांसाठीच ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पोत्याचं तोंड शिवायला लागतात. चांगला माणूस.

मारामाऱ्या थांबल्या. चारही जणींच्या अंगावर मांस दिसू लागलं, गाभ टाकलेलीसुद्धा सावरली. फक्त बायकोची खाईना.

तिच्यासाठी खण होता, रिकामा होता, भरड्याने भरलेला होता. ती यायची, खणाच्या तोंडाशी उभी राहायची आणि मागे फिरायची. मग पाण्याच्या नळीशी जाऊन पाणीच पीत बसायची, किंवा तोंडात काही नसताना जबडा हलवत राहायची, इतकं की ओठांच्या कडेला पांढरा फेस यायचा. इकडे मोठी स्वतःचं संपवून तिच्या खणात शिरायची. मी तिला वेगळ्या कप्प्यात घातलं, स्वतंत्र गव्हाण दिली. तिथे तर तिने भरड्याकडे पाहिलंही नाही. फाटकाच्या फटीला नाक लावून दिवसभर उभी. परत सगळ्यांत सोडली. खुराक वाढवला तर मोठी जाड झाली. दोन आठवड्यांत बायकोच्या मादीच्या पाठीचे मणके वरून मोजता येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असंच चाललं तर पोटातली पिल्लं टिकणार नाहीत.

बायको मला काही बोलली नाही. तिने बोलणं बंद केलं होतं असंही नाही. जेवायला वाढायची, बाजाराची यादी सांगायची. पण संध्याकाळी गोठ्यासमोरच्या रिकाम्या खुंट्याजवळ बसायची ते मला शेडमधून दिसायचं.

डुकरिणींच्या खाण्याच्या वेळी ती शेडमध्ये पाटी पालथी घालून बसू लागली. आठवडाभर बसली. मग एके सकाळी म्हणाली, "आवं, ती डाव्या अंगाला जागा सोडती."

"म्हंजी?"

"गव्हाणीपाशी येती तवा सरळ न्हाई उभी राहत. उजवीकडं सरकून राहती. डावीकडं एकीपुरती जागा सोडती आन् थांबती. कुनी येत न्हाई. मग जाती."

"डुकरीण हाये ती. पाटलीण न्हाई, शेजारी बसवून जेवायला."

"तिथं तिच्या डावीकडं कोन व्हती ते इचारून या," ती म्हणाली. "न्हाईतर माझी गाय आनून द्या."

मी पिकअप काढली. अवसरीहून मंचर, कळंब, नारायणगाव करत खोडदला पोचेपर्यंत काय काय सुनवायचं ते पाठ करत गेलो. मालकाने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी चहा होईपर्यंतही थांबलो नाही.

"माझा एक गाभ गेला. तुमी गप बसला म्हनून गेला."

त्याने बडीशेपेची डबी पुढे केली. मी घेतली नाही. तो म्हणाला, "पाच घरातल्या पाच सासवा उचलून तुमी एका सैपाकघरात नेऊन घातल्या. चूल कशी पेटंल?"

"हे तवा सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं, की पावणं, पुढं येती ती घेऊ नका, मधल्या मधल्या घ्या. काय म्हनला असता तुमी?"

उत्तर त्यानेच दिलं.

"म्हनला असता, म्हातारा चांगला माल झाकतोय. हट्टानं त्याच घेतल्या असत्या, आन् वर भाव पाडला असता."

हे खरं होतं. मी अगदी असंच म्हणालो असतो. तरी मला आजही वाटतं की त्याने सांगायला हवं होतं. मी ऐकलं नसतं हा माझा दोष, पण त्याने सांगितलं नाही हा त्याचा, आणि माझ्या दोषाने त्याचा दोष फिटत नाही.

मूळ कामाकडे मी आडवळणाने आलो. गरज दाखवली की भाव गेला, हे मला कुणी शिकवायला नको. तीन-चार माद्यांचे भाव विचारले, एका नराच्या दातांबद्दल बोललो, मग सहज विचारल्यासारखं म्हणालो, "ती वर दिलेली हितं कुठं खायची?"

त्याचा जबडा हलायचा थांबला. "खात न्हाई व्हय?"

"खाती. जरा कमी खाती."

तो उठला आणि मला शेवटच्या कप्प्यापाशी घेऊन गेला. शेपटीजवळ काळा ठिपका असलेली एक मादी तिथे गव्हाणीच्या उजव्या टोकाला एकीची जागा सोडून उभी होती. "ही. एका विणीतल्या दोघी. लहानपनापासनं अंगाला अंग लावून खात्यात. पुढं जायचं काम हिचं. हिच्या आडोशाला ती खायची." मग जरा थांबून म्हणाला, "ती गेल्यापासनं ही बी जरा कमीच खाती."

मादी साधीच होती. मध्यम बांधा, मधला नंबर. बाजारात मी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. "बोला, हिचं काय?"

"पैशे नकोत मला. मोठी द्या."

"कोन मोठी?"

"पयल्या कप्प्यातनं नेली ती. खांदा मारती ती. तिला पैशे घेऊन इकताना माझ्या जिवावर आलं व्हतं."

"वेड लागलंय का? ती पयल्या नंबरची हाये!"

"म्हनून तर."

मी गाभ टाकलेली देऊ केली, अधिक वर काही देऊ केलं. तो मान हलवत राहिला. शेवटी मी माझा हुकमी डाव टाकला. उठलो, रामराम केला, पिकअपमध्ये बसलो आणि गाडी चालू केली. या डावाला माणूस फाटकापर्यंत तरी मागे येतो. "आवं थांबा की" म्हणतो. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. मी फाटकातून बाहेर पडलो. आरशात पाहिलं. कुणी नाही. ताटल्यांपर्यंत गेलो, तिथे गाडी कडेला घेतली, पाच मिनिटं वाट पाहिली. ट्रॅक्टर गेले, शाळेची गाडी गेली. मला खुंट्याजवळ बसलेली बायको दिसत होती. मी गाडी वळवली.

तो कप विसळत होता. मान वर न करता म्हणाला, "दुसरा ठेवू का चहा?"

माझ्या आयुष्यातला हा एकच सौदा, ज्यात मी उठून परत आलो.

दुसऱ्या दिवशी मोठीला घेऊन गेलो आणि ठिपकेवालीला घेऊन आलो. मोठी गाडीतून उतरली तशी सरळ तिच्या जुन्या कप्प्यात शिरली आणि तिच्या जागी जी उभी होती तिला एका खांद्यात हलवलं. मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरलेलो नाही. त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं का, की मी ही वरची घेऊन जाईन, ती खाणार नाही, आणि मोठी त्याच्याकडे परत येईल? मी त्याला कधी विचारलं नाही. खरं सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं.

ठिपकेवालीला शेडमध्ये सोडलं तेव्हा बाकीच्यांनी तिला हुंगलं, एकीने थोडा दात दाखवला, एवढंच. मोठी नसल्याने त्यांचीच उलथापालथ चालली होती. बायकोची कोपऱ्यातून निघून आली. दोघी तोंडाला तोंड लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी उजव्या टोकाच्या दोन खणांमधली अँगलची पट्टी काढून त्यांचा एक केला होता. हे बायकोने सांगितलं होतं, मी नाही. भरडा ओतला. ठिपकेवाली गेली, डावीकडे उभी राहिली, खाऊ लागली. दुसरी तिच्या उजव्या अंगाला चिकटून उभी राहिली, एकदा मागे पाहिलं, आणि तोंड खाली घातलं.

गव्हाण पुसून चकचकीत केली त्यांनी. बायको पाटीवरून उठली, पदर झटकला आणि कामाला गेली.

पुढे वेळेवर विणी झाल्या. पट्टेवाल्यांपैकी तिघी व्याल्या, ठिपकेवालीही व्याली. बायकोच्या मादीला नऊ पिल्लं झाली, एक मेलं, आठ राहिली. अशक्त दिवसांच्या मानाने फार बरं, असं डॉक्टर म्हणाले. खोडदला मोठीला अकरा झाली हे मला कळलं, आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पिल्लं होऊन आठवा दिवस असेल. बायको ठिपकेवालीच्या कप्प्यात वाकून तिच्या पिल्लांना लोह पाजत होती. मी म्हणालो, "त्यांचं मी बघतो. तुझी तिकडची."

"ही बी माझीच हाये."

"कशी काय? मोठी दिली मी हिच्यापायी. माझ्या वाट्यातली."

"कुनासाठी आनली ही?"

"तुझ्या मादीसाठी."

"मग कुनाची झाली?"

"आगं, मोठी माझी व्हती!"

"आन् गाय कुनाची व्हती?" तिने पुढचं पिल्लू उचललं. "भाव करायचा आसंल तर करा. मी हितंच हाये, उठून कुठं जात न्हाई."

मी अर्धा तास वाद घातला. निम्मी पिल्लं म्हणालो, मग तीन म्हणालो, मग निदान एक म्हणालो. तिचं काम संपलं, तिने हात धुतले आणि मला विचारलं, जेवायला आत्ता वाढू की नंतर. आता शेडमध्ये उजव्या टोकाच्या जोडखणात मी भरडा ओतत नाही. त्या दोघींची पाटी ती स्वतः भरते.